वाफेचे इंजिन संगणकात कसे उभे राहते?

ज्या यंत्राची असंख्य छायाचित्रे उपलब्ध आहेत, ज्याची चलच्चित्रे कोणालाही घरबसल्या पाहावयास मिळतात, आणि जे आता मुख्य मार्गांच्या रुळांवर धावत नाही, त्याची प्रतिकृती संगणकात पुन्हा घडविण्याचा खटाटोप कशासाठी करावयाचा, हा प्रश्न रावेर, सावदा, निंभोरा या टापूतील तरुण वाचक नेहमी विचारतात, आणि तो रास्तही आहे. ज्यांच्या आजोबांनी केळीचे घड मालगाडीत चढविले, त्या पिढीला काळे इंजिन हा नित्याचा शेजार होता. नातवंडांना ते केवळ चित्रपटात भेटते. भुसावळ-खांडवा हा मार्ग तर हिंदुस्थानातील अव्वल दर्जाच्या जुन्या मार्गांपैकी एक होय. जी. आय. पी. रेल्वेचा हा रस्ता 1870 साली जबलपूर येथे ईस्ट इंडियन रेल्वेस जाऊन मिळाला आणि मुंबईहून कलकत्त्यास जाणारी पहिली अखंड रेल्वेवाट रावेरच्या शिवारातून गेली. भुसावळ हे वाफेच्या इंजिनांचे मोठे ठाणे होते, आणि लोको शेडमधील फिटर, फायरमन व ड्रायव्हर यांच्या वस्त्यांनी त्या गावाला घडविले, असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती नाही.

तेव्हा प्रश्नाचे उत्तर असे की, छायाचित्र एका क्षणाची एक बाजू दाखविते आणि चलच्चित्र काही क्षणांची एक बाजू दाखविते. परंतु त्रिमिती प्रतिकृती पाहणाऱ्याच्या इच्छेबरहुकूम फिरते, तिचे आवरण उतरविता येते, तिची गती मंद करता येते आणि कोणता भाग कोणत्या भागाला ढकलतो हे बोट ठेवून दाखविता येते. याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, चित्र काढणाऱ्याला न समजलेला भाग सावलीत दडविता येतो, तशी सोय प्रतिकृती करणाऱ्याला नाही. सावलीतील दांडा कोठे संपतो हे त्याला ठाऊक असावेच लागते.

1. इंजिनाची निवड

वाफेचे इंजिन हा एक शब्द असला तरी त्याखाली शेकडो जाती आहेत. प्रारंभ करणाऱ्याने डब्ल्यूजी जातीचे इंजिन निवडावे, असे माझे स्पष्ट मत आहे. या नावातील पहिले अक्षर रुंदमापी मार्ग दर्शविते आणि दुसरे मालगाडी. चित्तरंजनच्या कारखान्यातून 1950 साली बाहेर पडलेले पहिले इंजिन, ज्याला देशबंधु असे नाव देण्यात आले, ते याच जातीचे. आणि तेथील रुंदमापी वाफेच्या इंजिनांच्या मालिकेतील शेवटचे, 1970 सालचे अंतिम सितारा, तेही याच जातीचे. चित्तरंजन आणि परदेशी कारखाने मिळून अशी 2450 इंजिने झाली. उतारूंच्या गाड्यांसाठी असलेल्या डब्ल्यूपी जातीचे बंदुकीच्या गोळीसारखे निमुळते नाक अधिक देखणे आहे खरे. पण ते नाक म्हणजे पत्र्याचा मुखवटा आहे, आणि ज्याला यंत्र समजून घ्यावयाचे आहे त्याला मुखवट्यापासून आरंभ करणे सोयीचे नाही. डब्ल्यूजीचे सर्व कार्य उघड्यावर चालते.

तिची रचना अशी : पुढे वाट दाखविणारी लहान चाकांची एक जोडी, मध्ये एकमेकांस दांड्यांनी जखडलेल्या मोठ्या चाकांच्या चार जोड्या, आणि मागे अग्निपेटीचा भार पेलणारी लहान चाकांची एक जोडी.

2. मापांचा तपशील

प्रतिकृतीचे काम मापाने सुरू होते, रेषेने नव्हे. डब्ल्यूजीची चार मापे प्रथम टिपून ठेवावीत. मोठ्या चाकाचा व्यास 1562 मिलिमीटर; सिलिंडरचा व्यास सुमारे 556 मिलिमीटर; पिस्टनची एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची धाव 711 मिलिमीटर; आणि दोन रुळांमधील अंतर 1676 मिलिमीटर. उर्वरित मापांसाठी कारखान्याचे मूळ नकाशे हाती आले तर उत्तमच. पण ते न मिळाल्यास छायाचित्रातून मापे काढण्याची एक जुनी व भरवशाची युक्ती आहे.

समजा, इंजिनाच्या बाजूचे एक सरळ छायाचित्र आपल्याजवळ आहे आणि त्यात मोठ्या चाकाची उंची 142 चित्रबिंदू भरते. चाक प्रत्यक्षात 1562 मिलिमीटरचे आहे, म्हणून एक चित्रबिंदू म्हणजे 11 मिलिमीटर. त्याच छायाचित्रात एखाद्या पायरीची लांबी 40 चित्रबिंदू असेल, तर ती पायरी 440 मिलिमीटरची झाली. समोरून घेतलेल्या छायाचित्रात हेच काम रुळांमधील अंतर करते. मात्र येथे एक सावधगिरी अवश्य बाळगावी. छायाचित्रकार जवळ उभा असेल तर त्याच्याकडे पुढे आलेला सिलिंडर मागच्या चाकाच्या मानाने मोठा दिसतो आणि चाकावरून काढलेले प्रमाण सिलिंडरला लागू पडत नाही. म्हणून शक्य तितक्या दूर जाऊन, दूरदर्शी भिंगाने, इंजिनाशी काटकोन साधून चित्र घ्यावे.

अशी चित्रे घ्यावयाची तर दिल्लीच्या चाणक्यपुरीतील राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय, जे 1977 साली सुरू झाले, हे उत्तम ठिकाण आहे. महाराष्ट्राबाहेर जाणे शक्य नसेल त्याने नागपूरच्या मोतीबागेतील नॅरोगेज संग्रहालय पाहावे. तेथील इंजिन आकाराने लहान असले तरी दांडे, वाल्व्ह आणि क्रॉसहेड, म्हणजे पिस्टनचा दांडा व चाकाकडे जाणारा मुख्य दांडा जेथे जोडले जातात तो सरकता सांधा, यांचे नाते तेच आहे. पुण्याच्या कोथरूडमध्ये भाऊसाहेब जोशी यांच्या उद्योगातून उभे राहिलेले लघुरेल्वेचे संग्रहालयही पाहण्याजोगे आहे. तेथील गाड्या मूळ आकाराच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाच्या आहेत, म्हणजे आपले मोठे चाक तेथे जेमतेम 18 मिलिमीटर भरेल. संगणकात मात्र असा हिस्सा काढण्याचे कारण नाही. तेथे इंजिन पूर्ण मापाचेच बांधावे, आणि मग कागदावर छापताना किंवा प्लॅस्टिकमध्ये घडविताना हवे तेवढे लहान करावे.

3. सपाट तुकड्यांतून वर्तुळ

संगणकाला वर्तुळ ठाऊक नसते असे म्हटले तर वाचकास आश्चर्य वाटेल. परंतु ब्लेंडरसारखी जी साधने, 2002 सालापासून मुक्त असल्यामुळे, खेड्यापाड्यांतील विद्यार्थीसुद्धा विनामूल्य वापरतो, त्यांत नित्य वापरला जाणारा आकार सपाट पृष्ठांच्या जाळीचा असतो. अवकाशात बिंदू मांडावयाचे, दोन बिंदू जोडून कडा करावयाची, कडांनी वेढलेले पृष्ठ भरावयाचे, आणि अशा पृष्ठांच्या समुदायाला वस्तू म्हणावयाचे, एवढाच हा व्यवहार आहे.

मग चाक गोल कसे दिसणार? पुष्कळ बाजूंच्या बहुभुजाने. त्यात चूक किती होते ते मोजून पाहू. आपल्या चाकाची त्रिज्या 781 मिलिमीटर आहे. चाक सोळा बाजूंचे केले, तर प्रत्येक बाजूच्या मध्यावर खऱ्या वर्तुळापासून 15 मिलिमीटरची तूट पडते, आणि ते चाक रुळावर ठेचकाळत चालल्यासारखे दिसते. बत्तीस बाजू केल्या तर तूट पावणेचार मिलिमीटरवर येते. चौसष्ट केल्या तर ती एका मिलिमीटरच्याही आत जाते. बाजू दुप्पट केल्या की चूक निम्मी होत नाही, चौथाईवर येते, ही गोष्ट ध्यानी ठेवली म्हणजे कोठे किती खर्च करावयाचा याची तजवीज करता येते. मोठे चाक चौसष्ट बाजूंचे असावे. हातातील कठड्याची सळई आठ बाजूंची पुरते.

रिव्हेटांचा मामला याहून सोपा आहे. एक रिव्हेट शंभर पृष्ठांचा आणि रिव्हेट दोन हजार, म्हणजे पृष्ठे दोन लाख झाली. पण एकच रिव्हेट नीट घडवून त्याच्या दोन हजार जागा नोंदवून ठेवल्या, तर आकाराचा मजकूर एकदाच साठविला जातो. दुरून दिसणारे रिव्हेट तर चित्रातील छायाप्रकाशाने भासविले तरी चालतात.

4. बॉयलर : जे दिसते ते आवरण

बाहेरून दिसणारा काळा नळकांडा म्हणजे बॉयलर नव्हे. केळीचे खोड म्हणून आपण जे पाहतो ते वस्तुतः एकावर एक गुंडाळलेल्या सोपटांचा समुदाय असतो आणि घड ज्यावर धरतो तो दांडा त्यांच्या गाभ्यातून वर येतो, तशीच इंजिनाची स्थिती आहे : बाहेर पातळ पत्रा, त्याच्या आत उष्णता अडविणारा थर, त्याच्या आत पोलादाचे जाड कवच, कवचात पाणी, आणि त्या पाण्यातून मागून पुढे जाणाऱ्या नळ्या. मागच्या अग्निपेटीतील ज्वाला व तप्त वायू या नळ्यांमधून जातात, भोवतीचे पाणी उकळते, आणि वायू पुढच्या धूम्रकोठीत येऊन चिमणीवाटे बाहेर पडतात.

म्हणून हे सर्व थर स्वतंत्र वस्तू म्हणून, आतून बाहेर अशा क्रमाने बांधावेत, असा माझा आग्रह आहे. पुष्कळजण केवळ बाह्य पत्रा बांधून थांबतात. आणि मग वाफेचा घुमट कवचाच्या माथ्यावरच का आहे, चिमणी नेमकी धूम्रकोठीवर का आहे, या प्रश्नांना त्यांच्या प्रतिकृतीत उत्तर राहत नाही. वाफ पाण्याच्या वर साचते, आणि सर्वांत कोरडी वाफ सर्वांत उंच जागी मिळते, म्हणून घुमट माथ्यावर. सिलिंडरांत काम करून सुटलेली वाफ धूम्रकोठीतील तोटीतून जोराने वर फेकली जाते, जाताना आतील वायूंना ओढून नेते, आणि त्या ओढीने अग्निपेटीत ताजी हवा शिरते, म्हणून चिमणी त्या तोटीच्या बरोबर वर, एका लंबरेषेत. प्रतिकृतीत ही रेषा दोन बोटे जरी ढळली, तरी जाणत्या फिटरला ती खटकल्याशिवाय राहणार नाही, कारण अशा इंजिनाची आग मंदच जळेल.

5. आरसा कोठे थांबवावा

सर्व साधनांत आरशाची सोय असते : डावी बाजू घडविली की उजवी आपोआप तयार होते. बॉयलर, चिमणी, ड्रायव्हरची खोली यांचे बरेचसे काम या सोयीने अर्ध्या वेळात होते. परंतु दांडे आणि चाकांवरील खिळ्या यांना आरसा लावणे म्हणजे इंजिन बंद पाडणे होय.

कारण असे. पिस्टन आपल्या धावेच्या अगदी टोकाला असतो तेव्हा पिस्टनचा दांडा, मुख्य दांडा आणि चाकाची खिळी एका सरळ रेषेत येतात. त्या स्थितीत वाफेने कितीही जोर लावला तरी तो जोर चाकाच्या कण्यावरच दाबला जातो, चाक फिरत नाही. डाव्या व उजव्या बाजूच्या खिळ्या आरशातील प्रतिबिंबाप्रमाणे एकाच स्थितीत बसविल्या, तर दोन्ही बाजू एकाच वेळी अशा निर्बल होतील आणि तेथे थांबलेली गाडी पुन्हा सुटणारच नाही. म्हणून एका बाजूची खिळी दुसरीच्या पाव फेरा पुढे, म्हणजे नव्वद अंशांवर बसवितात. एक बाजू हतबल असते तेव्हा दुसरी पूर्ण जोरात असते. प्रतिकृतीत आरसा लावून झाल्यावर एका बाजूची चाके दांड्यांसह पाव फेरा फिरवावीत; कोणती बाजू पुढे हे छायाचित्रांवरून ठरवावे.

चाकांची बाब निघालीच आहे तर आणखी एक सांगावेसे वाटते. एक मोठे चाक करून त्याच्या आठ नकला करण्याचा मोह होतो, तो आवरावा. प्रत्येक चाकावर खिळीच्या विरुद्ध अंगाला चंद्रकोरीच्या आकाराचे समतोलाचे वजन असते, आणि मुख्य दांडा ज्या चाकाला लागतो त्याच्यावर हे वजन इतरांपेक्षा मोठे असते, कारण त्याला जास्त भाराचा तोल सांभाळावयाचा असतो.

आणि दांडे इतके जाड कशासाठी? बॉयलरचा दाब दर चौरस इंचास 210 पौंड, म्हणजे चौरस सेंटिमीटरला सुमारे 14.8 किलो. पिस्टनच्या तोंडाचे क्षेत्रफळ सुमारे 2428 चौरस सेंटिमीटर. सर्व दाब सिलिंडरात पोहोचला असे मानले, तर एका पिस्टनवर सुमारे 36 टनांचा रेटा येतो. हा आकडा ज्याने एकदा मनाशी घोळविला, तो प्रतिकृतीत दांडा कधीही बारीक करणार नाही.

6. दांड्यांना गती

आता प्रत्येक भागाला कोणाच्या ताब्यात ठेवावयाचे ते ठरवावे लागते. संगणकात एखादी वस्तू दुसरीच्या ताब्यात दिली की ती मालकाबरोबर सरकते आणि फिरतेही. चाकांना जोडणारा आडवा दांडा, ज्याला रेल्वेचे लोक साइड रॉड म्हणतात, तो चाकाच्या ताब्यात दिला तर चाकाबरोबर गरगर फिरू लागतो. खरा साइड रॉड फिरत नाही; तो सदैव आडवाच राहतो आणि त्याचा प्रत्येक बिंदू एक वर्तुळ काढतो. म्हणून त्याने खिळीची केवळ जागा घ्यावी, वळण घेऊ नये, असा हुकूम द्यावा लागतो. तशी सोय साधनांत असते.

मुख्य दांड्याची गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. त्याचे एक टोक खिळीबरोबर वर्तुळात जाते आणि दुसरे क्रॉसहेडबरोबर सरळ रेषेत मागेपुढे होते. येथे नवशिका असे समजतो की खिळी अर्ध्या वाटेवर, म्हणजे कण्याच्या बरोबर वर आली की पिस्टनही आपल्या धावेच्या बरोबर मध्यावर असणार. तसे होत नाही. सोयीची मापे घेऊ : कण्यापासून खिळीचे अंतर 7 आणि मुख्य दांडा 25 लांब. खिळी पुढच्या टोकाला असताना क्रॉसहेड कण्यापासून 25 अधिक 7, म्हणजे 32 अंतरावर. मागच्या टोकाला असताना 25 उणे 7, म्हणजे 18 अंतरावर. यांचा मध्य 25. आता खिळी कण्याच्या बरोबर वर आहे. दांडा तिरका झाला आहे आणि एक काटकोन त्रिकोण तयार झाला आहे, ज्याचा कर्ण 25 आणि उभी बाजू 7. 625 मधून 49 वजा केले की 576 उरतात, आणि त्यांचे वर्गमूळ 24. म्हणजे क्रॉसहेड मध्यापासून एका मापाने कण्याकडे सरकलेले आहे. आपल्या इंजिनात 7 च्या जागी 355.5 मिलिमीटर आहेत. प्रमाण हेच मानले तर ही चूक 51 मिलिमीटर, जवळजवळ तीन बोटांच्या रुंदीइतकी. ज्या प्रतिकृतीत पिस्टनला अंदाजाने मागेपुढे हलविलेले असते, तिच्यात दांड्याचे टोक फेऱ्याफेऱ्याला क्रॉसहेडच्या खिळीतून सुटताना दिसते. म्हणून पिस्टनला हाताने हलवूच नये. दांड्याची लांबी अढळ ठेवून त्याचे टोक सरळ मार्गावर बांधून द्यावे, आणि पिस्टन कोठे जावयाचा ते भूमितीवर सोपवावे.

7. वेग आणि चित्रांची संख्या

इंजिन ताशी 36 किलोमीटरने जाते आहे, म्हणजे सेकंदाला 10 मीटर. चाकाचा परीघ सुमारे 4.9 मीटर आहे, तेव्हा सेकंदाला दोनांहून किंचित अधिक फेरे झाले. चलच्चित्रात सेकंदाला 25 चित्रे असतील तर प्रत्येक चित्रात गाडी 40 सेंटिमीटर सरकावी आणि चाक सुमारे 29 अंश फिरावे. ही दोन मापे एकमेकांशी जुळली नाहीत तर चाक घसरल्यासारखे दिसते.

यातून एक चमत्कारिक दृश्य निर्माण होते. समजा चाकाला बारा आरे आहेत, म्हणजे दोन आऱ्यांत 30 अंशांचे अंतर. प्रत्येक चित्रात चाक 29 अंशांच्या थोडे पुढे जात असेल, तर प्रत्येक आरा आपल्या पुढच्या आऱ्याच्या जागेपासून किंचित मागे राहतो, आणि डोळ्याला आरे हळूहळू उलटे फिरताना दिसतात; चंद्रकोरीचे वजन मात्र एकच असल्यामुळे सरळ फिरताना दिसते. प्रत्येक चित्रात गतीचा पुसटपणा मिसळला की हा भ्रम बराच ओसरतो.

आवाजाचा हिशेबही येथेच होतो. दोन्ही सिलिंडरांत वाफ पिस्टनच्या दोन्ही अंगांनी काम करते, म्हणून एका फेऱ्यात चार वेळा वाफ सुटते. वरील वेगाला ते सेकंदाला सुमारे आठ ठोके झाले. सुटणाऱ्या मालगाडीचे सावकाश, भारी ठोके आणि वेगात आल्यावरचा अखंड घरघराट यांत फरक एवढ्या गणिताचाच आहे.

8. वॉल्शार्टची रचना आणि तिची परीक्षा

सिलिंडरात वाफ केव्हा शिरावी आणि केव्हा सुटावी हे ठरविणारा जो दांड्यांचा संच चाकांच्या वर दिसतो, तो बेल्जियमच्या एगिद वॉल्शार्ट यांनी 1844 साली योजिला, आणि वाफेचा अंमल संपेपर्यंत जगातील असंख्य इंजिनांवर टिकला. याच्या दोन आज्ञा असतात. पहिली आज्ञा मुख्य खिळीला जोडलेल्या लहान उलट्या दांडीकडून येते. ती एका वक्र खाचेच्या तुकड्याला मध्यावर टांगून पुढेमागे डोलावते. त्या खाचेत एक ठोकळा वरखाली सरकविता येतो, आणि त्याच्यापासून निघणारा दांडा वाल्व्हकडे जातो. ठोकळा खाचेच्या एका टोकाला असेल तर इंजिन पुढे जाते, दुसऱ्या टोकाला असेल तर मागे; आणि मध्याकडे आणावा तसतशी वाफ सिलिंडरात कमी वेळ शिरते व उरलेला प्रवास स्वतः फुगून करविते, ज्यामुळे कोळसा वाचतो. दुसरी आज्ञा क्रॉसहेडकडून एका उभ्या तरफेवाटे येते आणि पहिलीत मिसळते.

हा संच बांधून झाल्यावर त्याची परीक्षा करण्याची एक खात्रीची रीत आहे. ठोकळा खाचेच्या बरोबर मध्यावर आणावा, म्हणजे जेथे खाच टांगलेली आहे त्या बिंदूवर, आणि चाक सावकाश एक पूर्ण फेरा फिरवावे. खाच डोलत राहील; पण तिच्या मध्यावरील बिंदू स्थिर असल्यामुळे पहिल्या आज्ञेचा दांडा पुढेमागे सरकता कामा नये. वाल्व्ह तरीही थोडासा हलेल, कारण क्रॉसहेडकडून येणारी दुसरी आज्ञा चालूच आहे. दांडा सरकताना दिसला तर टांगण्याचा बिंदू अथवा दांड्याची लांबी चुकली असे समजून मापांकडे परत जावे. वाल्व्ह मुळीच हलला नाही तर उभी तरफ क्रॉसहेडशी जोडलेली नाही. दोन्ही गोष्टी ठीक निघाल्या, तर ठोकळा प्रथम एका टोकाला व मग दुसऱ्या टोकाला नेऊन तोच फेरा पुन्हा घ्यावा आणि दोन्ही वेळा वाल्व्हची धाव टिपून ठेवावी. या नोंदी जुळल्यावरच टेंडर, रंग आणि काजळी यांच्या कामास हात घालावा. त्यांचा विचार पुढील प्रकरणात करू.